सिस्टरची लांब गाडी

आमच्या बडनेऱ्यात कोणी नवी गाडी दारात उभी केली की पहिला प्रश्न किमतीचा नसतो. किंमत नंतर, चहा झाल्यावर, आडवळणानं विचारतात. पहिला प्रश्न असतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" एका लिटरात गाडी किती किलोमीटर जाते यावरून आमच्याकडे गाडीची, आणि थोडीफार ती घेणाऱ्याच्या अकलेचीही, परीक्षा होते.

सुमन सिस्टरांनी ती लांबलचक गाडी आणली तेव्हा फाटकाशी जमलेल्या लोकांनी हेच विचारलं. सिस्टर अजून गाडीतच होत्या. त्यांनी आधी डावा पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवला, मग उजव्या पायावर भार देऊन उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आठ."

कोणीतरी हसलं. कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणाला, "सिस्टर, आठ म्हणजे ट्रक झाला ना. आन् मागून दिसते कशी पाहा. स्वर्गरथच."

"तुमच्यासाठीच आणली," सिस्टर म्हणाल्या. "लाइनीत राहा. ओळखीच्यायले पयला नंबर."

यावर सगळेच हसले, किराणावाला सगळ्यांत जास्त. गल्लीतल्या अर्ध्या लोकांनी त्यांच्या हातची इंजेक्शनं घेतलेली होती, त्यामुळे चेष्टा एका मर्यादेपुढे जात नसे.

मला सिस्टरांबद्दल लिहायचं आहे, पण कुठून सुरू करावं ते नीट कळत नाही. त्यांचं सगळं आयुष्य मला माहीत नाही. मला माहीत आहेत ते सोमवार आणि शनिवार. मी अकोल्याला बी.एस्सी. करत होते आणि तिथेच वसतिगृहात राहत होते. सिस्टर सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन अकोल्याच्या एका नर्सिंग शाळेत शिकवायला जात. आठवडाभर तिथे भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि शनिवारी बडनेऱ्याला परत यायच्या. माझे बाबा फुलांची शेती करतात, झेंडू आणि शेवंती. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. एका सोमवारी पॅसेंजर चुकली आणि मी बॅग घेऊन रस्त्यावर उभी राहिले. ती लांब गाडी माझ्यापुढे येऊन थांबली. काच खाली झाली.

"तू फुलवाल्या भाऊची पोट्टी ना? बस."

तेव्हापासून मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून अकोल्याला जात राहिले, जवळपास अडीच वर्षं.

गाडी विदेशी कंपनीची होती आणि कधीकाळी फार महाग असणार. आतमध्ये चामड्याच्या सीट, लाकडाची पट्टी, दारं बंद झाली की बाहेरचं जग एकदम दूर गेल्यासारखं वाटायचं. पुढून ती मोटारीसारखी होती, पण मागे डिक्की नव्हती. छप्पर तसंच शेवटपर्यंत गेलेलं होतं आणि मागची सीट पाडली तर एक माणूस सरळ झोपू शकला असता. अशी गाडी आपल्याकडे कोणी घेत नाही. नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात ती कितीतरी दिवस धूळ खात उभी होती, म्हणून तर ती सिस्टरांना परवडली.

पण त्यांनी ती घेतली याचं कारण वेगळं होतं. सिस्टरांचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला होता. चालताना त्या डाव्या मांडीवर हात दाबून पाऊल टाकत. ड्रायव्हिंग शाळेत गेल्या तेव्हा तिथल्या मास्तरांनी त्यांच्या पायाकडे पाहून म्हटलं होतं, "सिस्टर, क्लच कसा दाबणार?"

"बिनक्लचची आण मंग."

"आपल्याकडे नाही तशी."

"मंग मीच आणतो," असं म्हणून त्या निघून आल्या. आयुष्यभर त्या कोणाच्या तरी मागे बसून ड्यूटीवर गेल्या होत्या. सायकलच्या कॅरिअरवर, कंपाउंडरच्या स्कूटरवर, जीपच्या मागच्या बाकावर. आटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला काही काम नसतं. गिअर ती स्वतः बदलते. सगळा कारभार उजव्या पायाचा.

"हा पाय लहानपणापासून डबल ड्यूटी करून राहिला," उजव्या गुडघ्यावर चापटी मारून त्या म्हणायच्या. "गाडीत बसलो की तेवढीच त्याले सिंगल ड्यूटी."

आता अ‍ॅव्हरेजबद्दल. लोकांच्या हसण्याचं सिस्टरांनी मनाला लावून घेतलं नव्हतं असं त्या म्हणत, पण ते खरं नसावं. कारण आठवरून ते वर चढवणं हा त्यांचा ध्यासच झाला. माझी बॅग उचलून पाहायच्या. "एवढी पुस्तकं? वाचून घरी ठेवून येत जा ना. डोक्यातल्याचं वजन गाडीले लागत नाही." बडनेऱ्याच्या रेल्वे पुलावरून उतरेपर्यंत काचा उघड्या. गाडीनं वेग धरला की काचा बंद, कारण उघड्या काचेतून शिरणारा वारा गाडीला मागे ओढतो. चाकांतली हवा त्या दर शनिवारी स्वतः उभं राहून भरून घेत. छातीवर उलटं अडकवलेलं नर्सचं घड्याळ निवृत्तीनंतरही त्यांनी सोडलं नव्हतं, आणि समोरचा इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा त्या त्याच नजरेनं पाहत, जशी एखाद्याची नाडी पाहावी.

"पाह्यजो आता," त्या मला म्हणायच्या. रस्ता मोकळा झाला, गाडी साठ-सत्तरवर आली, की त्या उजवा पाय जरासा उचलायच्या. नुसता मनात विचार आल्यासारखा. काटा अडीच हजारावर असायचा, तो हळूच खाली यायचा आणि दीड हजारावर जाऊन बसायचा. गाडीनं वरचा गिअर घेतलेला असायचा. कुठे धक्का नाही, आवाज नाही.

"उतरला ताप," सिस्टर म्हणायच्या. "दाबत राहिलं तर तिले वाटते बाईले घाई आहे. मंग ती खालच्या गिअरातच बोंबलत राहते, आन् तेल पीत राहते. पाय हलका ठेवला की तिले समजते. सहावा गिअर मागायचा नसतो पोट्टे, तिले देऊ द्यायचा असतो."

मूर्तिजापूरला आम्ही चहाला थांबायचो. तिथल्या बाकावरचे लोक आता सिस्टरांना ओळखू लागले होते. एक जण जय भीम घालून लगेच विचारायचा, "किती झालं, सिस्टर?" त्या सांगायच्या, "साडेबारा." पुढच्या महिन्यात, "तेरा." कोणी क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं ते चाललेलं असायचं. एकदा एका ट्रकवाल्यानं सल्ला दिला, "उतारावर न्यूट्रल मारत जा, बाई. फुकटात जाते."

"न्यूट्रलमंधी इंजिन चालूच राहते, ते तेल पितेच," सिस्टर म्हणाल्या. "गिअरात राहू दिलं आन् पाय उचलला, तर उतारच इंजिनाले फिरवते. थेंब लागत नाही. आन् उतारावर सोडून देणारे मी लय पाह्यले भाऊ, मले नको शिकवू."

ट्रकवाल्यानं आमच्या आलुबोंड्याचे पैसे दिले, आणि सिस्टरांनी ते त्याला परत घ्यायला लावले. त्यांना पंधरा गाठायचं होतं. "एकदा पंधरा दाखव म्हणतो तिले, मंग मी कोणाचं ऐकत नाही." पंधरा कधी झालं नाही. चौदाच्या थोडं वर एकदा गेलं होतं, हिवाळ्यात, वारा मागून होता तेव्हा.

पण नुसत्या पेट्रोलसाठी त्या तशा चालवत नव्हत्या. एकदा बोरगाव मंजूच्या अलीकडे समोर म्हैस आली आणि गाडीला जोराचा हिसका बसला. म्हैस गेल्यावर सिस्टरांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढून चोळला. मग म्हणाल्या, की नव्या नोकरीत असताना एकदा एका बाळंतिणीला जीपमधून घाट उतरून खाली आणत होत्या. ड्रायव्हर घाबरला होता. प्रत्येक गिअरला जीप हिसका मारायची आणि प्रत्येक हिसक्याला ती बाई सिस्टरांचा हात घट्ट धरायची. "ती वाचली," त्या म्हणाल्या. "पण माह्या हाताले ते धक्के अजून आठवतात. गिअर पडला हे झोपलेल्या माणसाले समजलं नाही पायजे. बस. एवढीच ड्रायव्हिंग."

पहिल्या सत्रात मी केमिस्ट्रीत नापास झाले. घरी सांगितलं नव्हतं. सांगून तरी कोणाला काय कळणार होतं, आई म्हणाली असती, "मंग पुन्हा लिहून दे." त्या सोमवारी मी गाडीत गप्प होते. सिस्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "या हप्त्यात नवीन काय समजलं?" हा त्यांचा दर सोमवारचा प्रश्न होता आणि मला काहीतरी सांगावं लागे. मी म्हटलं, "मले काहीच समजत नाही, सिस्टर. वर्गातल्या पोरींच्या घरी सगळे शिकलेले आहेत. त्या एकदा वाचतात अन् त्यांना येतं. मी दहा वेळा वाचते."

पुढे रेल्वेचं फाटक बंद होतं, तिथे गाडी थांबली. मालगाडी गेली, फाटक उघडलं, आणि थांबलेली गाडी पुन्हा हलली तेव्हा त्यांनी समोरच्या आकड्याकडे बोट केलं. त्या क्षणाचं अ‍ॅव्हरेज तिथे दिसायचं. आकडा तीनवर आला होता.

"पाह्यलं? उभी गाडी पयल्या गिअरात हलवायले सगळ्यात जास्त तेल लागते. एकदा पळाली की मंग लागत नाही. त्या पोरी पळत्या गाडीत बसल्या, त्यायच्या आजानं पयला गिअर टाकून ठेवला होता. तू तुह्या घरची पयली. तुले तेल जास्तच लागन. अ‍ॅव्हरेज काढू नको आत्ता."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मग त्या म्हणाल्या, "माह्या घरची मी पयली होती. मीबी नापास झाली होती. अ‍ॅनाटॉमीत." आणि बऱ्याच वेळानं, "भल्ली रडली होती."

सिस्टरांची पहिली नेमणूक परतवाड्याच्या वर, घाटावरच्या एका कोरकू आदिवासी गावात झाली होती. दवाखाना म्हणजे एक खोली. तिथे शांताबाई नावाची दाई होती. गाव आणि वस्त्या यांच्या मधे एक नाला, त्यावर तेव्हा पूल नव्हता. पावसाळ्यात बाळंतपणाचा निरोप आला की शांताबाई सिस्टरांना पाठुंगळी घ्यायची आणि नाला पार करायची. सिस्टरांच्या एका हातात पेटी, दुसरा हात शांताबाईच्या गळ्याभोवती. बदली होईपर्यंतचे सगळे पावसाळे त्यांनी असे काढले.

"माही ड्यूटी तिच्या पाठीवर झाली," सिस्टर सांगत. "निघताना तिले म्हटलं होतं, पुढच्या वेळी गाडी घेऊन येतो, तुले बसवतो. ती हसली. मीबी हसली. तेव्हा माह्याजवळ सायकल नव्हती."

त्यानंतर एवढ्या वर्षांत त्या तिथे गेल्या नव्हत्या. बस फाट्यापर्यंत जाई, पुढची पायवाट त्यांच्यानं होण्यासारखी नव्हती. आता पक्का रस्ता झाला होता. आरोग्य खात्यातली एक मुलगी तिथे फिरून आली आणि तिनं सिस्टरांना सांगितलं, की एक म्हातारी येणाऱ्या प्रत्येक नर्सला विचारते, "लंगडी सिस्टर जिंदा है क्या?"

गाडी घेतली ती त्यासाठीच, असं मला वाटतं. पण घाट आडवा होता. गाडीचं काम पाहणारे शकीलभाई म्हणायचे, "सिस्टर, इंजिन अच्छा है. पर पहलेवाले ने गिअरबॉक्स को बहुत रगडा है. घाट में उसका तेल गरम हुआ तो समझो बॉक्स गया. सीधे रस्ते पे चलाओ, दस साल चलेगी." त्यामुळे सिस्टर दरवर्षी म्हणायच्या, पुढच्या वर्षी.

माझ्या शेवटच्या वर्षी त्यांचा उजवा गुडघा दगा देऊ लागला. डबल ड्यूटीचा हिशेब शेवटी त्यानंच भरला. अमरावतीच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतर ऑपरेशन ठरवलं आणि सांगितलं, की त्यानंतर घरात नीट चालता येईल, पण गाडीचा ब्रेक या पायाच्या भरवशावर सोडू नका. सिस्टर मान हलवून बाहेर आल्या. गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली फिरवली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाल्या, "दसऱ्याची सुटी आहे ना तुले? घाटात जाऊ. आता नाही गेलो तर नाहीच."

त्या शकीलभाईंकडे गेल्या. त्यांनी गिअरचं तेल बदलून दिलं आणि पुन्हा पुन्हा बजावलं, "सामने की जाली खुली रखना. हवा लगनी चाहिये. लाल बत्ती आयी तो रुक जाना, जिद मत करना."

दसरा हा आमच्या घरचा सगळ्यात मोठा दिवस. त्या दिवशी सगळ्या अमरावतीत झेंडू लागतो. बाबा पहाटेच बाजारात जातात आणि संध्याकाळी परत येतात तेव्हा त्यांचे हात पिवळे झालेले असतात. त्या संध्याकाळी त्यांनी विकायला न काढता मागे ठेवलेली फुलं ओवून एक हार केला, दंडाएवढा जाड. तो घेऊन ते सिस्टरांच्या घरी गेले. माझ्या शिक्षणासाठी सिस्टरांनी काय केलं हे बोलून दाखवणं त्यांना जमत नाही. ते हारच करू शकतात.

सिस्टरांच्या घरात गाडीची पूजा होत नाही. दसऱ्याला त्या पांढरी साडी नेसून विहारात जातात. त्या नुकत्याच परत आल्या होत्या. बाबांना हार घेऊन उभं पाहून म्हणाल्या, "हे कशाले केलं भाऊ?"

"लांब गाडी, हारबी लांब पायजे," बाबा म्हणाले.

"बांध मंग."

बाबांनी गाडीच्या पुढच्या जाळीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुतळीनं आवळून हार बांधला. वरून खालून सैल राहिला नाही पाहिजे म्हणून मधेही दोन गाठी मारल्या. सिस्टर पाहत होत्या. मी पण पाहत होते. जाळी झाकली गेली हे आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नाही. मला तर तो हार फार सुंदर वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. परतवाड्यापर्यंत रस्ता सपाट, गाडी सहाव्या गिअरात, सिस्टर खुशीत. पुढे घाट सुरू झाला. समोर लाकडाचा एक ट्रक रांगत चढत होता, त्याच्यामागे आम्ही. गाडी एक गिअर घ्यायची, सोडायची, परत घ्यायची. दोन-चार वळणांनंतर समोर लाल दिवा लागला.

त्यांनी सागाच्या झाडाखाली रुंद जागा पाहून गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. जळक्या तेलाचा वास आला. ट्रकचा आवाज वर वर जात गेला आणि मग काहीच ऐकू येईना. फोनला रेंज नव्हती. सिस्टर दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरून समोर पाहत होत्या.

"शकील म्हणतच होता," त्या म्हणाल्या. "जिद करू नको म्हणे."

"परत जायचं का, सिस्टर?"

त्यांचं असं गप्प बसणं मी आधी पाहिलं नव्हतं. मला तिथे बसवेना म्हणून मी खाली उतरले आणि समोर गेले. तेव्हा मला ते दिसलं. गाडीच्या पंख्यानं झेंडूच्या पाकळ्या आत ओढून घेतल्या होत्या. हारामागची सगळी जाळी पिवळ्या चिखलानं भरल्यासारखी झाली होती. हवा जायला जागाच नव्हती. बाबांनी मायेनं गाडीचं नाकच बांधून टाकलं होतं.

मी सिस्टरांना सांगितलं आणि सुतळी तोडायला दगड शोधू लागले.

"तोडू नको," त्या आतूनच म्हणाल्या. "सोड. तुह्या बापानं बांधला तो."

गाठी फार आवळलेल्या होत्या. मी एकेक सोडवली, हार उतरवून मागच्या सीटवर ठेवला आणि केसातली पिन काढून जाळीतल्या पाकळ्या उपसत बसले. सिस्टर दाराचा आधार घेत उतरल्या आणि शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आपल्याकडचं पिण्याचं पाणी त्यांनी माझ्या हातावर ओतलं. हसत होत्या. म्हणाल्या, "शकीलले सांगू नको. म्हणन, बाईनं गाडीले झेंडू खाऊ घातला."

गाडी निवायला खूप वेळ लागला. मग किल्ली फिरवली तेव्हा लाल दिवा आला नाही. सिस्टरांनी गिअरचा दांडा बाजूला सरकवला. त्या गाडीत तशी सोय होती, की चालवणाऱ्यानं सांगेपर्यंत ती गिअर बदलत नसे, पण त्यांनी ती कधी वापरली नव्हती. "तिच्या मर्जीवर सोडलं तर ती वर-खाली करत राहते, त्यातच तापते. आज मी सांगन, ती ऐकन." गाडी दुसऱ्या गिअरात ठेवून त्या चढू लागल्या. इंजिन मोठ्यानं ओरडत होतं, काटा तीन हजाराच्या वर. समोरचं अ‍ॅव्हरेज पाचवर आलं, मग चारवर. सिस्टरांनी कमरेचा रुमाल काढला आणि त्या आकड्यावर टाकला.

"आज नाही पाह्यचं," त्या म्हणाल्या.

शांताबाई घराच्या ओट्यावर बसलेली होती. सुकलेली, लहानशी बाई. गाडीचा आवाज ऐकून तिनं मान वर केली, पण तिला दिसत कमी असावं. सिस्टर डावी मांडी दाबत दाबत चालत गेल्या. ती चाल तिनं ओळखली.

"आ गयी लंगडी," ती म्हणाली.

सिस्टर तिच्याजवळ ओट्यावर बसल्या. दोघी एकमेकींचे हात चाचपत राहिल्या, जशा बायका बाजारात कापड पाहतात तशा. मग सिस्टरांनी मला हार आणायला सांगितला. मला वाटलं, गाडीवरून काढलेला हार माणसाला कसा घालायचा. पण सिस्टरांनी तो दोन पदरी करून शांताबाईच्या गळ्यात घातला. तो तिच्या मांडीपर्यंत आला.

"ये क्या है?"

"काल दसरा होता ना. गाडीले हार घालतात," सिस्टर म्हणाल्या. "माही पयली गाडी तूच."

शांताबाईला मराठी कळत होतं. ती बिनदातांचं हसली. "तब तुम हलकी थी, सिस्टर. अब तो गाडी को भी भारी पडती होगी."

मग सिस्टरांनी तिला पुढच्या सीटवर बसवलं. मी मागे बसले. नाल्यावर आता पूल होता. पूल आला तेव्हा सिस्टरांनी गाडी अगदी हळू केली आणि शांताबाईनं काचेतून खाली पाहिलं. खाली थोडंसं पाणी होतं, गुडघाभर असेल. पुढे पठारावर सरळ, झाडांमधून जाणारा रस्ता होता. सिस्टरांनी दांडा परत जागेवर घेतला, पाय हलका केला, आणि गाडीनं एकामागून एक गिअर घेतले. मला एकही कळला नाही. थोड्या वेळानं पाहिलं तर शांताबाई हार मांडीवर धरून झोपलेली होती.

सिस्टरांनी आरशातून माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. रस्ता संपला तिथे गाडी वळवली आणि परत आणली. गाव आलं तरी थांबल्या नाहीत, पुढे गेल्या आणि पुन्हा वळवली. असं किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. गुडघा दुखत असणार. मधे मधे त्या डाव्या हातानं तो दाबत होत्या, पण पाय ढळला नाही. ऊन उतरू लागल्यावर शांताबाई आपोआप जागी झाली आणि म्हणाली, "पहुँच गये क्या?"

"हो," सिस्टर म्हणाल्या. "पोचलो."

घरी येईपर्यंत तो रुमाल तसाच होता. बडनेऱ्याला पोचल्यावर सिस्टरांनी तो उचलून घाम पुसला आणि आकड्याकडे न पाहता उतरल्या. मी पाहिला. पण त्यांनी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. पाय बरा होत गेला, पण डॉक्टर म्हणाले होते तेच खरं ठरलं. एकटीनं कसं राहणार म्हणून पुण्याची भाची त्यांना न्यायला आली. तिच्या ऑफिसातल्या एका मुलाला नेमकी अशीच लांब गाडी हवी होती. तोही सोबत आला. गाडीभोवती फिरून तो हरखून म्हणाला, "काकू, अहो अशी वॅगन मी किती दिवस शोधत होतो." अ‍ॅव्हरेज त्यानं विचारलंच नाही. सिस्टर थोडा वेळ वाट पाहत राहिल्या, असं मला वाटलं.

त्यांनी एकच अट घातली, की याच गाडीतून त्यांना पुण्याला न्यायचं. मागची सीट पाडून गादी टाकली. ऑपरेशनचा पाय दुमडायचा नव्हता, तो सरळ ठेवून त्या आडव्या झाल्या. बाबा शेवंतीची एक लहान पुडी घेऊन आले होते. जाळीपासून लांब उभे राहून त्यांनी ती काचेतून आत दिली.

"एवढी लांब गाडी काहून घेतली, ते आज समजलं," सिस्टर मला म्हणाल्या. मग विचारलं, "या हप्त्यात काय समजलं नवीन?"

मी म्हटलं, "सोमवारी सांगते."

त्यांनी मान हलवली. भाची पुढे बसली, त्या मुलानं गाडी सुरू केली आणि नव्या गाडीच्या आनंदात पाय जोरात दाबला. गाडीनं नाक उचललं, इंजिन ओरडलं, किराणावाल्याच्या दुकानासमोर कुत्री बाजूला पळाली. मागच्या काचेतून मला सिस्टरांचा हात दिसला. तो वर आला आणि पुढे बसलेल्या मुलाच्या खांद्यावर दोन बोटं टेकली.

काच बंद होती, मला काही ऐकू आलं नाही. पण रेल्वे पुलाच्या चढाला लागायच्या आधी इंजिनाचा आवाज हळूच उतरला, आणि ती लांब गाडी कुठेही धक्का न खाता, झोपलेल्या माणसाला कळू नये इतक्या अलगद, पूल चढून पलीकडे गेली.

पाय हलका ठेवजो, त्या म्हणाल्या असतील. तिले समजते.